'देतोच आहोत की' या उत्तरापुढे काय मागायचं? : लैंगिकता आणि नातेसंबंध शिक्षणाच्या मागणीच्या नोंदी

१४ जून

आजपासून नोंदी ठेवायचं ठरलं. गटात शाळा सोडून फार दिवस न झालेले आम्ही काही जण आहोत आणि अजून शाळेत असलेली आठवी ते दहावीची काही मुलंमुली. काम एकच आहे. लैंगिकता आणि नातेसंबंधांचं शिक्षण शाळेत दरवर्षी, वयानुसार आणि नीट मिळावं, आणि त्यात काय असावं हे ठरवताना मुलांनाही विचारावं, अशी मागणी शाळा समितीपुढे मांडायची.

मागणीपत्राचा पहिला मसुदा बसल्या बैठकीत झाला. एकच ओळ: 'शाळेत लैंगिकता शिक्षण सुरू करा.' ती वाचून दहावीतली मुलगी म्हणाली, "पण आमच्याकडे तर झालंय. मागच्या वर्षी एक तास झाला ना."

झाला होता खरा. बाहेरून डॉक्टर आल्या होत्या. मुलींना हॉलमध्ये बसवलं, मुलांना मैदानावर पाठवलं. पाळीची आकृती दाखवली, स्वच्छता सांगितली आणि शेवटी कुणाला काही विचारायचंय का, असं विचारलं. बाई समोर, मैत्रिणी शेजारी, शिक्षिका दारात उभ्या. हात कोण वर करणार? प्रश्न नाहीत असं धरून तास संपला. म्हणजे समितीचं उत्तर आपल्याला आजच माहीत आहे: देतोच आहोत की. नेमकं काय कमी आहे ते सांगता आलं नाही, तर पहिल्या पाच मिनिटांत आपण बाहेर येऊ.

२२ जून

वाचन सुरू केलं. सगळ्यात कामाचा निघाला तो ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये 'बीएमजे ओपन'मध्ये मांडलेला आढावा. दहा देशांतल्या ५५ अभ्यासांत मुलामुलींनी शाळेतल्या या तासांबद्दल जे सांगितलं, ते त्यांनी एकत्र केलं आहे. ब्रिटन, अमेरिका, जपान, ब्राझील, इराण अशा एकमेकांपासून इतक्या वेगळ्या देशांतली मुलं, आणि तक्रारी मात्र त्याच. फार उशिरा सांगतात. जीवशास्त्राच्या पुढे जात नाहीत. शिक्षक अवघडतात. जे आम्हाला रोज गणित शिकवतात त्यांनीच हे शिकवणं नको वाटतं, कारण उद्या पुन्हा त्यांच्याच समोर बसायचं असतं. मुलग्यांना आपल्याला माहीत नाही हे दिसू द्यायचं नसतं म्हणून ते दंगा करतात, आणि मुलींनी तोंड उघडलं की शेरे मिळतात.

मी हे मोठ्यानं वाचत होतो आणि नववीतला मुलगा मान हलवत होता. शेवटी म्हणाला, "हे आमच्या वर्गात येऊन बसले होते काय?"

२९ जून

लैंगिकता शिक्षणावरचं युनेस्कोचं मार्गदर्शन वाचलं. पहिलं २००९ चं, सुधारलेलं २०१८ चं. युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना, यूएनएफपीए, यूएनएड्स आणि यूएन विमेन या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांबरोबर मिळून ते काढलं आहे. ५ ते ८, ९ ते १२, १२ ते १५ आणि १५ ते १८ व त्यापुढे असे चार वयोगट आहेत आणि एकूण आठ विषय. मी थबकलो तो विषयांच्या क्रमावर. पहिला विषय नातेसंबंध आहे. शरीर आणि त्याची वाढ सहाव्या ठिकाणी येते, प्रजनन आरोग्य आठव्या. आमच्या शाळेतला तो एकुलता एक तास या यादीच्या खालच्या टोकाला सुरू झाला आणि तिथंच संपला.

पाच वर्षांच्या मुलांना काय सांगणार, हा प्रश्न पालक विचारणारच, म्हणून तो भाग दोनदा वाचला. घरात कोण कोण असतं, मैत्री कशी असते, शरीराच्या अवयवांची खरी नावं काय, आपल्या अंगाला कुणी हात लावावा हे आपण सांगू शकतो, आणि काही खटकलं तर भरवशाच्या मोठ्या माणसाला सांगायचं. यातलं काय वगळावं असं कुणालाही वाटेल, हे मला तरी कळत नाही. अवयवाचं नाव माहीत असलेलं मूल काय झालं ते नीट सांगू शकतं, आणि ऐकणाऱ्याला ते नीट कळतं.

६ जुलै

इतरांनी ही मागणी कशी केली ते पाहिलं. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात १९९८ पासूनचा जुना अभ्यासक्रम चालू होता. आठवीतल्या दोन मुलींनी त्यात संमतीचा विषय यावा म्हणून अर्ज काढला, हजारोंनी सह्या केल्या, प्रांताच्या पंतप्रधान कॅथलीन विन त्यांना भेटल्या, आणि २०१५ च्या नव्या अभ्यासक्रमात संमती आली. २०१८ मध्ये सरकार बदललं आणि तो अभ्यासक्रम मागे घेतला गेला. त्या सप्टेंबरात विद्यार्थी वर्ग सोडून बाहेर आले. २०१९ च्या सुधारित अभ्यासक्रमात संमतीचा विषय राहिला.

ऑस्ट्रेलियात शनेल कॉन्टोस या तरुणीनं २०२१ मध्ये इन्स्टाग्रामवर एक साधा प्रश्न विचारला आणि शाळेत असताना लैंगिक अत्याचार सोसलेल्या मुलींची उत्तरं येतच राहिली. पुढच्याच वर्षी तिथल्या शिक्षणमंत्र्यांनी संमतीचं शिक्षण बालवर्गापासून दहावीपर्यंत सक्तीचं करायला मान्यता दिली. इंग्लंडमध्ये २०१७ चा कायदा झाला आणि सप्टेंबर २०२० पासून माध्यमिक शाळांत हा विषय सक्तीचा झाला. त्याआधीची मार्गदर्शिका २००० सालची होती, म्हणजे खिशात फोन नसलेल्या मुलांसाठी लिहिलेली. स्वीडननं हे १९५५ मध्येच सक्तीचं केलं.

आपल्याकडचा इतिहासही नोंदवून ठेवतो. र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि १९५३ पर्यंत, मरेपर्यंत चालवलं. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर १९३४ मध्ये खटला झाला, तेव्हा त्यांचे वकील डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. लोकांनी विचारलं आणि एका माणसानं उत्तर दिलं, एवढाच गुन्हा. पुढे २००७ मध्ये किशोरवयीनांसाठीच्या शिक्षण कार्यक्रमावर महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी बंदी घातली.

या सगळ्यातून आमच्यासाठी दोन गोष्टी घेतल्या. सक्ती झाली म्हणजे काम झालं असं नाही, मिळालेलं परत जाऊ शकतं. आणि जिथं काही हललं तिथं मुलांनी स्वतःचे अनुभव आणि स्वतःचे प्रश्न पुढे ठेवले होते. आमच्या एका ओळीच्या मसुद्यात कुणाचाच प्रश्न नाही.

१३ जुलै

प्रश्नपेटी ठेवायची. मुख्याध्यापिका बाईंनी आठवी आणि नववीसाठी परवानगी दिली. अट एवढीच की वर्गशिक्षक बाहेर थांबतील आणि समुपदेशक ताई आत असतील. अट आम्हालाही हवीच होती.

पेटी ठेवली म्हणजे प्रश्न येतात असं नाही. पेटीपर्यंत चालत जाणारा मुलगा सगळ्यांना दिसतो. म्हणून ताईंनी पद्धत सांगितली ती अशी. सगळ्यांना एकाच आकाराचा कागद आणि एकसारखी पेन्सिल. सगळ्यांनी लिहायचंच. ज्याला विचारायचं नाही त्यानं फळ्यावरची दोन वाक्यं उतरवून काढायची. घडी सगळ्यांची सारखी, चार पदरी. पेटी बाकांवरून फिरते, कुणी उठत नाही. मग कोण लिहितोय आणि कोण उतरवतोय, हे शेजाऱ्यालाही कळत नाही.

१९ जुलै

पेटी फिरवली. सुरुवातीला खिदळणं झालं. फळ्यावरची वाक्यं लिहून होतील इतका वेळ गेला, तरी पेन्सिली थांबल्या नाहीत. मागच्या बाकावरच्या एकानं दुसरा कागद मागितला.

२० जुलै

चिठ्ठ्या सतरंजीवर पसरल्या आणि वाचायला बसलो. आधी चार ढीग करायचं ठरवलं होतं: शरीर, आजार, गर्भधारणा, धोका. थोड्याच वेळात पाचवा करावा लागला, आणि तोच वाढत गेला.

शरीराचे प्रश्न होते. 'पाळी अजून आली नाही पण पांढरं जातं, हा आजार आहे का?' (नाही. पाळी सुरू व्हायच्या आधी काही महिने असं होणं नेहमीचं आहे. खाज, दुर्गंधी किंवा रंग वेगळा असेल तर दाखवावं.) 'झोपेत चड्डी ओली होते, अशक्तपणा येईल का?' (नाही. वयात येताना होतं, ताकद कुठंही जात नाही.) 'एक बाजू मोठी एक लहान आहे.' (बहुतेकांची असते.) यातला एकही प्रश्न पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ खाणारा नाही. तरी ही मुलं तो किती काळ मनात घेऊन फिरली असतील.

पाचव्या ढिगातल्या काही चिठ्ठ्या शब्दशः उतरवून ठेवतो. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मूळ कागद ताईंकडे राहतील.

'खरं प्रेम असेल तर पासवर्ड दे म्हणतो. द्यावा का?'

'एकदा हो म्हटलं की नंतर नाही म्हणता येतं का?'

'मैत्रीण दुसऱ्या मैत्रिणीशी बोलली की मला राग येतो. मी वाईट आहे का?'

'मला मुलींबद्दल तसं काही वाटत नाही. मुलांबद्दल वाटतं. हे कुणाला सांगितलं तर काय होईल?'

'सगळे ग्रुपवर फोटो टाकतात. मी बघितला नाही तर मला चिडवतात.'

'ती नाही म्हणाली. आता मी काय करू? सगळ्यांना कळलंय.'

शेवटच्या चिठ्ठीवर सगळे बराच वेळ बोलत राहिलो. नाही म्हणायला शिका, हे मुलींना सगळीकडे सांगितलं जातं. नकार ऐकलेल्या मुलानं दुसऱ्या दिवशी वर्गात कसं यायचं, तिच्याकडे बघायचं की नाही, मित्र चिथवायला लागले तर काय बोलायचं, लाज वाटते तिचं काय करायचं, हे त्याला कुणीही सांगितलेलं नाही. त्यानं विचारलं आहे. वेळेवर उत्तर मिळालं नाही तर ते त्याला मित्र देतील, किंवा फोन देईल.

२१ जुलै

एक चिठ्ठी वेगळी काढावी लागली. काय लिहिलं होतं ते इथं लिहीत नाही. घरातल्या माणसाबद्दल होती.

अशी चिठ्ठी येऊ शकते हे ताईंनी आधीच सांगितलं होतं आणि काय करायचं तेही ठरलेलं होतं. अक्षरावरून शोध घ्यायचा नाही, वर्गात चौकशी करायची नाही, आम्ही कुणी स्वतः हालचाल करायची नाही. ताई आज दोन्ही वर्गांत गेल्या. सगळ्यांना सांगितलं की कुणी अंगाला नको तसा हात लावत असेल तर त्यात मुलाची चूक कधीच नसते, त्या कुठं बसतात, कोणत्या वेळी दार बंद करून एकट्याशी बोलता येतं. एक गोष्ट त्यांनी मुद्दाम स्पष्ट केली: मी कुणालाच सांगणार नाही असं वचन मी देणार नाही, तुला सुरक्षित ठेवायला ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगेन, आणि सांगायच्या आधी तुला सांगेन.

ज्या शाळेत समुपदेशक नाही तिथं पेटी ठेवायची नाही, हे आज मागणीपत्रात गेलं. विचारायला लावायचं आणि ऐकणारं कुणी नाही, असं कधीही होता कामा नये.

२५ जुलै

ती मुलगी की मुलगा, माहीत नाही, पण जे कुणी होतं ते ताईंकडे आलं. पुढचं त्यांच्या हातात आहे.

४ ऑगस्ट

विज्ञानाच्या सरांशी बोललो. ते या विषयाच्या विरोधात असतील असं आम्ही गृहीत धरलं नव्हतं, पण इतकं मोकळं बोलतील असंही वाटलं नव्हतं. "आकृती काढायला मला काही वाटत नाही," म्हणाले. "मागून कुणी हसलं की पुढचं वाक्य काय बोलायचं, ते मला बीएडला कुणी शिकवलं नाही. मी धडा गाळत नाही. भराभर वाचून पुढे जातो. आणि एखाद्या मुलीनं घरी जाऊन सांगितलं की सर असं असं बोलले, तर माझ्या बाजूनं कोण उभं राहणार?"

हा शेवटचा प्रश्न आम्ही मागणीपत्रात घातला. शिक्षकाला प्रशिक्षण हवं हे सगळेच म्हणतात. त्याला लेखी आधारही हवा: शाळेनं मंजूर केलेला पाठ आहे, पालकांनी पाहिलेला आहे, आणि शिक्षक तोच शिकवतो आहे. त्यासाठी पाठ आधी लिहून काढावे लागतील.

कोणी शिकवायचं यावर आमच्यात एकमत नाही. शाळेतली मुलं म्हणतात बाहेरचं कुणी तरी हवं. ताईंचं म्हणणं, बाहेरचा माणूस एक दिवस येतो. बुधवारी काही झालं तर गुरुवारी भेटतो तो शाळेतलाच. मला दोन्ही पटतं. सध्या असं लिहिलं आहे: शाळेतल्याच, पण स्वतः तयार असलेल्या आणि शक्यतो त्या वर्गाला दुसरा विषय न शिकवणाऱ्या शिक्षकानं शिकवावं. सक्तीनं कुणाच्या गळ्यात घालू नये.

११ ऑगस्ट

मुलामुलींना एकत्र बसवायचं की वेगळं? शाळेतल्या मुलांना विचारलं. बहुतेकांचं म्हणणं, माहिती एकत्र द्या, प्रश्न वेगळे घ्या. पाळीचा तास मुलग्यांनाही हवा यावर मात्र कुणाचा वाद नव्हता. "मला बहीण आहे आणि मला काही माहीत नाही," असं एक जण म्हणाला.

१ सप्टेंबर

पालकसभा. याच दिवसाची जास्त धास्ती होती.

अपेक्षित प्रश्न सगळ्यांत आधी आला: शिकवलं की मुलं नको ते करून बघतील. आम्ही उत्तर तयार ठेवलं होतं. युनेस्कोनं जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेतला त्यात असं शिक्षण मिळालेल्या मुलांत लैंगिक संबंध वाढल्याचं, किंवा ते लवकर सुरू झाल्याचं आढळलं नाही. उलट उशिरा सुरू होणं, जोखीम कमी होणं, गर्भनिरोधकाचा वापर वाढणं असे परिणाम दिसले. केवळ 'करू नका' एवढंच सांगणाऱ्या कार्यक्रमांनी मुलं थांबली, असं मात्र दिसलं नाही.

या उत्तरानं सभा थोडी शांत झाली, पण पटली नव्हती. मग मागच्या रांगेतले एक वडील उभे राहिले. आवाज चढलेला नव्हता. "तुम्ही चांगलं सांगताय," म्हणाले. "पण तासाला नक्की काय बोलणार ते मला दाखवा. कागद दाखवा."

नकार देणं आणि नकार ऐकणं यावरचा एक पाठ आम्ही छापून नेला होता. तो वाटला. लोक वाचायला लागले. एका आईनं विचारलं, "यात आक्षेप घेण्यासारखं काय आहे?" आणि तो प्रश्न आम्हाला नव्हता, सभेला होता. दुसऱ्या एका आईला गर्भनिरोधकाचा भाग नववीत नको होता, दहावीत चालणार होता. त्यावर चर्चा झाली, निकाल लागला नाही. वडिलांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि घरी दोघं मिळून वाचतो म्हणाले.

पालकांना मूल वर्गातून काढून घ्यायचा हक्क असावा का, हा मुद्दाही निघाला. इंग्लंडमध्ये लैंगिक शिक्षणाच्या भागापुरती तशी मागणी पालक करू शकतात, नातेसंबंधांच्या भागापुरती नाही. आणि मूल सोळा वर्षांचं व्हायच्या तीन सत्रं आधीपासून त्याला स्वतः हवं असेल तर शाळेनं शिकवायचं असतं. ही मांडणी मला न्याय्य वाटते. कारण ज्या घरातून मुलाला काढून घेतलं जाईल, त्याच घरात त्याला उत्तर मिळण्याची शक्यता कमी असते. गटात यावर अजून दुमत आहे, म्हणून मसुद्यात फक्त एवढं घातलं: पाठ पालकांना आधी दिसावेत.

८ सप्टेंबर

दृष्टिहीन मुलांना शिकवणाऱ्या एका शिक्षिकेला मसुदा पाठवला होता. त्यांनी विचारलं, आकृती दाखवणार म्हणता, माझ्या मुलींनी काय करायचं? हातानं चाचपून समजेल अशा प्रतिकृती, ब्रेलमधले पाठ, सांकेतिक भाषेत समजावणारी व्यक्ती, सगळं मसुद्यात घातलं. अपंग मुलांना या विषयाची गरज नाही असं मानून त्यांना बाहेर बसवलं जातं, आणि अंघोळीपासून कपड्यांपर्यंत दुसऱ्याची मदत लागणाऱ्या मुलाला 'इथं हात लावू नको' म्हणता येणं किती गरजेचं आहे, याचा विचार कुणी करत नाही.

२० सप्टेंबर

समितीची बैठक. मागणीपत्र आता चार पानांचं आहे.

सुरुवात बरी झाली. दरवर्षी तास हवेत हे मान्य. प्रशिक्षण मान्य. पाठ पालकांना दाखवणं तर त्यांनाच हवं होतं. मग एका सदस्यानं पेन घेऊन पान दोनवर आडवी रेघ मारली. शरीर ठेवा, स्वच्छता ठेवा, धोका आणि सुरक्षितता ठेवा. नातेसंबंध काढा. "नाती घरात शिकतात मुलं. शाळेनं त्यात पडू नये."

मी संशोधनाकडे वळलो. पॉप्युलेशन कौन्सिल या संशोधन संस्थेच्या निकोल हॅबरलँड यांनी २०१५ मध्ये २२ कार्यक्रमांचे निकाल तपासले. ज्यांत मुलगा-मुलगी यांच्यातली असमानता आणि नात्यातली सत्ता यांवर बोललं गेलं अशा दहांपैकी आठांत लैंगिक आजार किंवा नको असलेली गर्भधारणा लक्षणीय कमी झाली. ज्यांत हा भाग नव्हता अशा बारांपैकी दोनच कार्यक्रमांत तसं झालं. म्हणजे तुम्हाला आरोग्यच हवं असेल, तरी नात्यांवर बोलल्याशिवाय ते नीट मिळत नाही. कंडोम कसा वापरायचा हे माहीत असून उपयोग काय, जर 'वापरूया' म्हणायची भीती वाटत असेल?

सदस्यांनी ऐकून घेतलं. रेघ तशीच होती.

मग आठवीतल्या मुलीनं परवानगी मागून त्या चिठ्ठ्या वाचल्या, टंकलेल्या प्रतीवरून, एकामागून एक. पासवर्डची. रागाची. फोटोंची. 'ती नाही म्हणाली' ही शेवटची. वाचून झाल्यावर म्हणाली, "तुम्ही धोका ठेवा म्हणालात. धोका शिकवताना तुम्ही आम्हाला सांगता सावध राहा. या मुलाला कोण काय सांगणार? तो धोका नाहीये अजून. तो विचारतोय."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मुख्याध्यापिका बाईंनी इतकंच म्हटलं की ही चिठ्ठी आपल्याच शाळेतल्या मुलाची आहे.

ज्यांनी रेघ मारली होती त्यांचं मन पूर्ण वळलं असं नाही. त्यांनी विचारलं, हा पाठ चुकीच्या हातात गेला तर? प्रश्न योग्य होता. शेवटी ठरलं ते असं: नातेसंबंधांचे पाठ पहिल्या वर्षी फक्त आठवीला. शिकवणाऱ्यांचं प्रशिक्षण आधी, तास नंतर. प्रश्नपेटी महिन्यातून एकदा, ताई असतील तरच. सत्र संपल्यावर आढावा, आणि आढाव्याच्या बैठकीत दोन विद्यार्थी, मताच्या अधिकारासह.

हा शेवटचा मुद्दा आम्ही मागितला त्यापेक्षा कमी आहे. आम्हाला पाठ ठरवतानाच विद्यार्थी हवे होते. तो मागे घेतलेला नाही, आढाव्यात पुन्हा मांडणार.

२७ सप्टेंबर

समितीच्या बैठकीतून बाहेर आल्यावर एका सदस्यांनी हळूच सांगितलं होतं, त्यांची स्वतःची मुलगी अकरावीत आहे आणि पाठ त्यांना घरी हवा आहे. पाठवला.

१२ ऑक्टोबर

प्रशिक्षणाचा पहिला भाग झाला. विज्ञानाचे सर, मराठीच्या बाई आणि खेळाचे सर स्वतःहून आले. मुख्य सराव हाच: मुलं हसली तर काय. प्रशिक्षक ताईंनी सांगितलं, हसू दाबायला लावू नका, थांबा, आणि म्हणा की अवघडल्यावर हसू येतं, मलाही थोडं अवघड जातंय, तरी बोलूया. सरांनी ते वाक्य तीन-चार वेळा मोठ्यानं म्हणून बघितलं. पहिल्यांदा पाठ केल्यासारखं आलं, नंतर त्यांचं स्वतःचं झालं.

दुसरा सराव, उत्तर माहीत नसेल तर: 'मला नक्की माहीत नाही, पुढच्या तासाला सांगतो', आणि पुढच्या तासाला खरंच सांगायचं. तिसरा, कुणी वैयक्तिक विचारलं तर: शिक्षक स्वतःच्या आयुष्याबद्दल बोलणार नाहीत आणि मुलांनाही स्वतःबद्दल सांगायला लावणार नाहीत. वर्गात बोलायचं ते गोष्टीतल्या पात्रांबद्दल.

१९ ऑक्टोबर

नकाराच्या पाठाची आठवीच्या मुलांबरोबर चाचणी. आम्ही लिहिलेला संवाद त्यांनी पहिल्याच वाचनात नापास केला. आमच्या संवादात मुलगी म्हणते, 'मला हे योग्य वाटत नाही, कृपया माझ्या निर्णयाचा आदर कर.' असं कोण बोलतं, म्हणाले. मग त्यांनीच लिहिला:

"पासवर्ड दे ना."
"नको."
"का नको?"
"नको वाटतंय."
"म्हणजे माझ्यावर विश्वास नाही."
"विश्वास आहे. पासवर्ड नको."
"सगळे देतात."
"देऊ देत."

इथपर्यंत मुलींनी लिहिलं. पुढची ओळ मुलग्यांनी लिहायची होती आणि तिथं गाडी अडली. पहिल्या गटानं लिहिलं, 'मग बोलू नको माझ्याशी.' दुसऱ्यानं, 'बरं बरं, मजा करत होतो.' तिसऱ्या गटातला एक मुलगा कागदाकडे बघत बसला होता, त्यानं लिहिलं, 'ठीक आहे. मला वाईट वाटलं, पण ठीक आहे.' हे असं बोलतात का खरंच, असं कुणी तरी विचारलं. तो म्हणाला, "बोलता येतं की."

तिन्ही उत्तरं पाठात ठेवली आहेत. प्रत्येक उत्तरानंतर त्या मुलीला काय वाटेल, उद्या दोघं एकमेकांना कसे भेटतील, आणि मित्रांनी चिथवलं तर त्यानं काय म्हणावं, यावर वर्गानं बोलायचं. योग्य उत्तर कोणतं हे शिक्षकांनी आधी सांगायचं नाही. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच स्पष्ट सांगायची: नकार ऐकून वाईट वाटणं चूक नाही, पण त्यासाठी समोरच्याला त्रास देणं, पुन्हा पुन्हा विचारणं, इतरांत तिची बदनामी करणं हे चालणार नाही.

२६ ऑक्टोबर

फोटोंच्या पाठाचं काम. इंग्लंडमध्ये ऑफस्टेड या शाळा तपासणाऱ्या संस्थेनं जून २०२१ मध्ये अहवाल दिला. तपासणीसांनी ३२ शाळा-महाविद्यालयांना भेट दिली आणि ९०० हून अधिक मुलामुलींशी ते बोलले. दहांपैकी जवळजवळ नऊ मुलींनी सांगितलं की नको असलेले अश्लील फोटो किंवा व्हिडिओ येणं त्यांच्या वयाच्या मुलींत 'खूप' किंवा 'कधी कधी' घडतं. सांगून काही होणार नाही असं वाटल्यामुळे बरेच जण कुणाला सांगतच नव्हते. आमच्या पाठात 'फोटो पाठवू नका' एवढ्यावर थांबायचं नाही. आलेला फोटो पुढे न पाठवणं, ग्रुपवर 'हे काढ' म्हणणारा पहिला होणं, आणि जिचा फोटो पसरला तिच्याशी दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं बोलणं, हेही पाठात आलं पाहिजे. शेवटची सूचना दहावीतल्या मुलीची.

९ नोव्हेंबर

पहिला तास झाला. विज्ञानाच्या सरांनी घेतला. मुलं हसली, सर थांबले, ते वाक्य म्हणाले, वर्ग पुढे गेला. पेटीत आलेल्या चिठ्ठ्यांत एक होती: 'पुढचा तास कधी?'

१६ नोव्हेंबर

उरलेलं काम. फोटोंचा पाठ मुलांकडून तपासून घ्यायचा आहे. ब्रेल प्रतीसाठी पाठ शुक्रवारपर्यंत शिक्षिकांकडे पोहोचवायचे. खेळाच्या सरांना पाळीचा पाठ मुलग्यांसमोर घ्यायचा आहे, त्यांच्याबरोबर एकदा सराव करायचा, मराठीच्या बाई बसतील. शेजारच्या शाळेतल्या मुलांनी मागणीपत्राची प्रत मागितली आहे. त्यांच्याकडे समुपदेशक नाहीत, म्हणून त्यांना पहिली मागणी तीच करायला सांगितलं. आढाव्याच्या बैठकीला आठवीतून कोण जाणार, हे वर्ग मतदानानं ठरवणार आहे. दोन जागांसाठी आतापर्यंत पाच नावं आली आहेत.